मुशीत पडण्यापूर्वी

सोन्याला गाव नसते. अंगावर असेतोवर ते कुणाच्या आईच्या पाटल्या, कुणाच्या मंगळसूत्राच्या वाट्या म्हणून ओळखले जाते. एकदा मुशीत वितळून त्याची लगड झाली की त्याला ना नाव, ना माहेर! सातारा-सांगलीकडच्या वाचकांना हे मी काय सांगावे? दुष्काळाने घराबाहेर काढलेली आमची खानापूर-आटपाडीची, खटाव-माणची माणसे सोने-चांदी गाळण्याच्या गलाई धंद्यात केरळ-तामिळनाडूपासून दिल्लीपर्यंत पसरली आहेत. पोर आधी ओळखीच्याच्या दुकानी भट्टीपाशी राबते, ॲसिडाचे काम शिकते आणि मग परमुलखात स्वतःची पाटी लावते.

म्हणूनच जे. सी. चँडोर यांचा ‘अ मोस्ट व्हायोलंट इयर’ हा २०१४ सालचा चित्रपट पाहताना मला न्यूयॉर्कपेक्षा विटाच अधिक आठवले. काळ १९८१ चा. परदेशातून आलेला एबल मोरालेस घरे उबदार ठेवण्याचे तेल विकतो. त्याचे टँकर लुटले जातात, तरी तो ड्रायव्हरांच्या हाती पिस्तूल देत नाही. आपण मनोमन त्याची पाठ थोपटतो. पण पाण्याकाठच्या जागेचे पैसे भरण्याची मुदत येऊन ठेपते आणि हिशेब सांभाळणारी त्याची बायको धंद्यातून परस्पर बाजूला काढलेली रक्कम पुढे करते. तो संतापतो, अखेर उरलेली तूट त्याच रकमेने भरतो. शेवटी त्याच्यासमोर त्याचाच ड्रायव्हर स्वतःवर गोळी झाडून घेतो. ती गोळी तेलाच्या टाकीला लागते, तेव्हा एबल आधी रुमालाचा बोळा त्या भोकात कोंबतो!

पिस्तूल नाकारणे त्याला जमले. नडीच्या वेळी हाताशी आलेला पैसा नाकारणे जमले नाही. गलाईवाल्याची पत सारी विश्वासावर उभी असते आणि बहुतेकजण ती जिवापाड जपतात. पण हप्त्याची तारीख उद्यावर आलेली असताना अनोळखी माणूस पुडी उलगडतो, तेव्हा ‘हे कुणाचे?’ हा प्रश्न जिभेवर जड होतो. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे ३१७ वे कलम तर चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्यालाच नव्हे, तसे मानायला कारण असताना अप्रामाणिकपणे घेणाऱ्यालाही दोषी धरते. ‘मी विचारलेच नाही’ ही सबब तिथे पुरत नाही.

आणि वाचकहो, परमुलखातल्या त्या पैशावर गावी माडी चढते, तेव्हा आपण तरी कुठे विचारतो? विचारायचे ते सोने मुशीत पडण्यापूर्वी. नंतर उत्तर द्यायला तिथे पाटल्या उरत नाहीत.