करिअरचं बघू, आधी कॅरिअर लावा!

कॉलेजच्या पार्किंगमधली शंभर-सव्वाशे सीसीची कुठलीही गाडी घ्या. समोरून बघितली तर चकाचक. आता जरा मागे या आणि वाकून बघा. सीटच्या खाली, दोन्ही पॅनलवर, शेपटीकडच्या कव्हरवर पांढुरके, धुरकट पट्टे दिसतील. जामखेडमध्ये तर हे पट्टे बघून गाडी कुठल्या घरची आहे ते सांगता येतं. दोन्ही बाजूंना एकाच उंचीवर गोल झिजलंय? दुधाच्या किटल्या. सीटच्या कडेला आडवे ओरखडे? घासाचा नाहीतर कडब्याचा भारा. टाकीच्या मधोमध रंग मेल्यासारखा झालाय? हे मात्र आपलं काम. सॅक पाठीला नको म्हणून पुढ्यात टाकीवर ठेवून येणारे आपण.

या पट्ट्यांवरून घरात होणारं भांडण तुम्हाला माहीत असेलच. पोरगं म्हणतं, ‘पप्पा, गाडीवर पोतं टाकू नका, रंग जातोय.’ पप्पा म्हणतात, ‘मग काय देव्हाऱ्यात ठेवायची का?’ हप्ता पप्पांच्या खात्यातून जातो, त्यामुळे वाद तिथंच संपतो. पोतं गाडीवर, ओरखडा रंगावर आणि पोराचं तोंड वाकडं.

माझं म्हणणं असं की दोघंही एकाच गैरसमजावर भांडतायत. ओझ्याने रंग जातो असं दोघांनाही वाटतं. एकाला म्हणून ओझं नको असतं आणि दुसऱ्याने म्हणून रंगावर पाणी सोडलेलं असतं. खरं तर ओझ्याने रंग जात नाही. हलणाऱ्या ओझ्याने जातो. एवढा फरक कळला तरी निम्मं भांडण मिटतं.

गाडीचा रंग असतो तरी किती? आधी प्रायमर, त्यावर रंगाचा थर आणि वरून चमकणारा पारदर्शक क्लिअर कोट. सगळं मिळून साधारण शंभर-सव्वाशे मायक्रॉन, म्हणजे दीड-दोन केसांच्या जाडीएवढं. त्यातला क्लिअर कोट तर एका केसापेक्षाही पातळ. तो कडक असेल असं वाटतं, पण रंगाचा कडकपणा मोजायला कारखान्यात चक्क वेगवेगळ्या कडकपणाच्या पेन्सिली ओढून बघतात. पेन्सिलीने ओरखडा पडू शकेल असा हा प्रकार आहे!

आता आपल्या रस्त्यावरची धूळ घ्या. आपण दख्खनच्या काळ्या पाषाणावर राहतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होऊन झालेला हा दगड. त्याचीच खडी करून आपण रस्ते करतो आणि तीच चाकाखाली भरडून हवेत उडते. कडकपणाची दहाची मोजपट्टी असते. त्यात नख अडीचच्या आसपास, साधं पोलाद साडेपाचच्या आसपास आणि या दगडातली मुख्य खनिजं सहाच्या घरात. सॅकचं कापड मऊ असतं, पोतं मऊ असतं, दोरीही तशी मऊच. पण त्यांच्या आणि रंगाच्या मध्ये ही धूळ शिरली आणि इंजिनाची थरथर सुरू झाली की मऊ कापडाचा पॉलिश पेपर होतो. खर्ड्याहून किंवा नान्नजहून रोज जामखेडला ये-जा करणाऱ्याच्या गाडीवर हे घासकाम किती तास चालत असेल, ते तुम्हीच मोजा.

म्हणून पहिला उपाय कापड टाकण्याचा नाही. उलट घडी घातलेलं जुनं फडकं किंवा स्पंजचा तुकडा दोरीखाली ठेवून तसाच महिनाभर सोडला, तर तो धूळ आणि पाणी दोन्ही धरून ठेवतो. वरून दिसत नाही. काढल्यावर खाली बघा, दोरीने गेला नसता एवढा रंग गेलेला असतो.

पहिला उपाय म्हणजे ओझं पॅनलवर टेकूच न देणं. ते चासीला नटबोल्टने बसवलेल्या लोखंडावर टेकलं पाहिजे. कॅरिअर आणि साडी गार्ड हेच ते लोखंड, आणि नेमकं तेच आपण काढून टाकतो.

इथे मला जरा जास्त बोलायचंय. नवीन गाडी घरी आली की आठवडाभरात पोरं साडी गार्ड काढतात. कारण काय, तर ‘लुक’. गाडी ‘अंकल’ दिसते म्हणे! मोटार वाहन नियम १९८९ च्या १२३ व्या नियमात मोटारसायकलला मागच्या माणसासाठी हाताला धरायची मूठ, पाय ठेवायची जागा आणि मागचं निदान अर्धं चाक झाकणारं संरक्षण हवं असं सांगितलंय. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत हे त्यामागचं कारण. म्हणजे ते लोखंड तुमच्या आईच्या पदरासाठी आहे, बहिणीच्या ओढणीसाठी आहे. ते काढून गॅरेजच्या कोपऱ्यात फेकायचं, मग उघड्या पॅनलवर सॅक लटकवायची आणि वर ‘भाई, कंपनीचा रंगच खराब’ म्हणायचं. काय बोलावं?

मी मुलगी आहे आणि गाडी चालवते. त्यामुळे ‘कॅरिअर लावलेली गाडी कोण चालवतं’ हा प्रश्न मला दोनदा ऐकवला जातो, एकदा कॅरिअरसाठी आणि एकदा मुलगी म्हणून. पण ही कॅरिअरची लाज आली कुठून? तीच कॅरिअरवाली, दोन्ही बाजूंना लोखंडी चौकट लावलेली मोठी गाडी लडाखच्या रीलमध्ये दिसली की आपण लाइक ठोकतो. तिला टुरिंग म्हणायचं. तीच चौकट किटल्यांसाठी लावली की ती दूधवाल्याची गाडी. चौकट तीच, ओझं चासीवर पेलायची युक्तीही तीच. आणि ओझं कसं बांधायचं हे लडाखवाल्यापेक्षा आपल्या दूधवाल्याला जास्त कळतं, हे मी पैजेवर सांगते. एकदा सकाळी डेअरीसमोर थांबून बघा. जुन्या हातांची चौकट पॅनलपासून दोन बोटं लांब असते, किटली जिथे लोखंडाला लागते तिथे टायरचा तुकडा गुंडाळलेला असतो आणि दोन्ही बाजूंचं वजन सारखं असतं. एकाच बाजूला किटली अडकवून निघालेला बहुतेक आपल्या वयाचा असतो.

कंपन्यांनाही हे कळतं, पण सगळ्यांना सांगावंसं वाटत नाही. साध्या गाड्यांच्या जाहिरातीत मागची सीट रिकामी किंवा त्यावर हसरी बायको. पोतं कधीच नाही. अपवाद आहेत. बजाजने २०२१ मध्ये सीटी ११० एक्स आणली, तिला मागे कॅरिअर कंपनीतूनच होतं. त्याची मर्यादा मात्र सात किलो. सात किलोत आपल्याकडे काय बसतं? डबा, सॅक, थोडा भाजीपाला. युरियाची गोणी ४५ किलोची असते! म्हणून गावोगावचा वेल्डरच आपला खरा डिझायनर ठरतो. त्याच्याकडे गेलात तर एवढंच सांगा की चौकट चासीच्या मूळ छिद्रांना बोल्टने बसव, पॅनलला टेकवू नको आणि गाडीवर वेल्डिंग करू नको. वेल्डिंगच्या ठिणग्या रंगात रुततात आणि ती जागा नंतर गंजते.

दुसरी गोष्ट बांधायची. नायलॉनची दोरी घट्ट आवळली तरी ओझं बसलं की ती सैल होते. सैल दोरी आधी रंग खाते. नंतर तिचं टोक चेनमध्ये किंवा चाकात गेलं तर पुढचं मी लिहायला नको. चार-पाच किलोमीटरवर एकदा थांबून दोरी पुन्हा आवळायची, हे रंगासाठी करा किंवा जिवासाठी करा, काम तेच आहे. पंक्चरवाल्याकडे मिळणारी जुन्या ट्यूबची पट्टी दोरीपेक्षा चांगली, कारण ती ताण धरून ठेवते. पण काळं रबर उन्हात रंगाला महिनोन् महिने चिकटून राहिलं तर त्यातली रसायनं रंगात उतरतात. पांढऱ्या, चंदेरी गाडीवर असा पिवळट-तपकिरी डाग पडला की धुऊन जात नाही. काम झालं की पट्टी काढून ठेवा.

आता ज्याची सगळे विचारणा करतात ते, फिल्म. पीपीएफ म्हणतात ती पारदर्शक फिल्म पॉलियुरेथेनची, दीडशे-दोनशे मायक्रॉन जाड, म्हणजे गाडीच्या सगळ्या रंगापेक्षाही जाड. असल्या फिल्मचा जन्म हेलिकॉप्टरची पाती वाळूने झिजू नयेत म्हणून व्हिएतनाम युद्धाच्या काळात झाला. घासणं ती खरोखर अडवते. पण सगळ्या गाडीला लावायला जाल तर हजारोंचा खर्च, आणि माझ्या मते आपल्यासारख्यांसाठी तो वेडेपणा आहे. तळहाताएवढे तीन-चार तुकडे पुरतात. सॅक टेकते तिथे टाकीवर एक, सीटच्या खाली दोन्ही बाजूंना एकेक, शेपटीवर एक. जाड पारदर्शक व्हिनाईल स्टिकरचा तुकडाही काही काळ भागवतो, तो रेडियमवाल्याकडे मिळतो. लावण्याआधी जागा धुऊन पूर्ण वाळवा. आतमध्ये अडकलेली धूळ कायमची अडकते. आणि रंग बदलणारं रॅप करायचा मोह झाला तर आरसी बुकात गाडीचा रंग लिहिलेला असतो हे आठवा.

सिरॅमिक कोटिंग, टेफ्लॉन कोटिंग वगैरे ऐकून पाघळू नका. पाणी छान घरंगळतं, चमक येते, धुवायला सोपं जातं. पण किटली घासण्यापुढे तो काही मायक्रॉनचा थर काय करणार? तेवढ्या पैशात चांगलं कॅरिअर होतं.

आणि कृपा करून सकाळी कोरड्या फडक्याने गाडी पुसू नका. ओरखड्यांतले निम्मे पोत्याने नसतात, या फडक्यानेच असतात. आधी पाणी मारा, धूळ वाहून जाऊ द्या, मग पुसा. उन्हाळ्यात पाणी टँकरचं असेल तर बादलीभर पाण्याचा हट्ट मी धरणार नाही. तेव्हा तांब्याभर पाणी फक्त ओझं टेकतं त्या जागेवर टाका, बाकी गाडी मळकी राहिली तरी चालेल. डिझेलने पुसून चमक आणायची पद्धतही सोडा. डिझेलचा तेलकट हात धूळ धरतो आणि रबराचे भाग फुगवतो. सांडलेलं दूध आणि खताचे दाणे मात्र त्याच दिवशी धुवा. दूध आंबतं, खत ओलावा ओढतं, आणि दोन्ही आधीच खरवडलेल्या जागेतून खाली पत्र्यापर्यंत पोचतात.

‘एवढं काय रंगाचं? गाडी चालल्याशी मतलब.’ हे वाक्य मी बरेचदा ऐकते आणि मला ते पटत नाही. पॅनल प्लास्टिकचं असतं, तिथे रंग गेला तर दिसायला वाईट, बाकी काही नाही. टाकी पत्र्याची असते. तिथे ओरखडा पत्र्यापर्यंत गेला की गंज सुरू होतो आणि टाकी बदलणं हा मोठा खर्च असतो. ओळखायचं कसं? ओरखड्यावर पाणी लावा. दिसेनासा झाला तर तो वरच्या थरातच आहे, पॉलिशने भागेल. नख अडकलं तर खोल आहे. धातू चमकत असेल तर त्याच दिवशी जागा पुसून टचअप रंग लावा. तो मिळेपर्यंत बहिणीचं पारदर्शक नेलपॉलिशही चालतं, विचारून घ्या म्हणजे झालं. शिवाय तीन-चार वर्षांनी गाडी विकायला काढाल तेव्हा घेणारा आधी इंजिनाचा आवाज ऐकत नाही. तो आधी टाकी बघतो आणि तिथूनच भाव पाडायला सुरुवात करतो. नव्या गाडीचं डाऊन पेमेंट त्याच पैशातून व्हायचं असतं.

जामखेडला रेल्वे नाही. नगर सुमारे ७५ किलोमीटर. वाड्या-वस्त्यांवर एसटी दिवसातून मोजक्याच वेळा. त्यामुळे एकच गाडी पहाटे डेअरीला, मग कॉलेजला, दुपारी पेंड आणायला आणि संध्याकाळी आजीला दवाखान्यात न्यायला. दसऱ्यानंतर आपल्याकडून आणि शेजारच्या आष्टी-पाटोद्याकडून ऊसतोडीला निघालेली जोडपी बघा. बऱ्याचदा पेटी, भांडी, पांघरुणं सगळं एकाच मोटारसायकलवर असतं. त्यांना ‘एवढं ओझं लादू नका’ सांगायचा मला अधिकार नाही. पण आपल्याला आहे, कारण आपल्याकडे बहुतेक वेळा दुसरी फेरी मारायचा पर्याय असतो. २०२० मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने दुचाकीवरच्या डब्याची मापं जाहीर केली: लांबी ५५० मिलिमीटर, रुंदी ५१०, उंची ५००. तो मागच्या सीटवर असेल तर गाडीवर फक्त चालवणारा. साधारण एका मोठ्या खोक्याएवढं झालं. त्यापुढचं ओझं असेल तर रिक्षा-टेम्पो बघा. पुढचं चाक हलकं होऊन हँडल डगमगायला लागलं की रंगाची चर्चा करायची वेळ गेलेली असते.

पप्पांशी बोलताना ‘पोतं टाकू नका’ म्हणू नका. ‘चौकट करून आणतो, हजार-पाचशे द्या’ म्हणा. पैसे मिळायची शक्यता बरीच वाढते. साडी गार्ड फेकलं असेल तर गॅरेजवाल्याला विचारा, भंगारात गेलं नसेल तर सापडेल.

आणि येत्या दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालाल तेव्हा तो तारेने बांधू नका, दोऱ्याने बांधा. वाऱ्यावर हलणारी ती तार हेडलाइटच्या कव्हरवर एका दिवसात जे करते, ते पोत्याला वर्षभरात जमत नाही. कुंकवाचं बोट आरशाच्या दांडीला लावा. टाकीवर ओलं कुंकू राहिलं की त्याचा डाग दिवाळी संपली तरी दिसत राहतो.