पहिली पंधरा मिनिटे

गेल्या हिवाळ्यात माझ्या नऊ वर्षांच्या नातीला जिम्नॅस्टिक्सच्या वर्गाला नेण्या-आणण्याची जबाबदारी मी स्वीकारली. वर्ग सकाळी सात वाजता सुरू होई. पहिली पंधरा मिनिटे मुले अस्वलासारखी चालत, विषामृत खेळत, हातपाय गोल फिरवीत. आयुष्यभर जमाखर्च तपासलेल्या माझ्या मनाने विचारले, धावण्या-खेळण्यासाठी शुल्क कशाला भरायचे? मग मी तिला थोडे उशिराच नेऊ लागलो.

एके दिवशी आम्ही पोहोचलो तेव्हा मुले हातांवर उभे राहण्याचा सराव करीत होती. प्रशिक्षिका नातीला आधी अंग मोकळे करावयास सांगत होत्या, पण "तिला सारे येते, वेळ कशाला दवडायचा?" असे म्हणून मीच तिला गादीवर पाठविले. दुसऱ्याच प्रयत्नात ती मनगट धरून खाली बसली. डॉक्टरांनी तीन आठवडे विश्रांती सांगितली. घरी आल्यावर ती आईला म्हणाली, "मीच घाई केली." माझे नाव तिने घेतले नाही आणि मीही त्या क्षणी गप्प राहिलो. रात्रभर झोप लागली नाही. सकाळी सूनबाईंना खरे काय ते सांगितले, तेव्हा कोठे मन हलके झाले.

त्या तीन आठवड्यांत आम्ही दोघे बाकावर बसून वर्ग पाहत असू. मी प्रश्न विचारत गेलो आणि त्या पंधरा मिनिटांचा हिशेब मला हळूहळू उमगला.

तीन ते पाच वर्षांच्या बालकांचे लक्ष फार वेळ टिकत नाही. त्यांना 'खांदे फिरवा' म्हणण्यापेक्षा 'अस्वल व्हा, खेकडा व्हा, बेडूक व्हा' म्हणावे. अस्वलाच्या चालीत शरीराचा भार हातांवर येतो, बेडूकउडीत पाय बळकट होतात आणि संगीत थांबताच पुतळा होण्याच्या खेळात तोल सावरण्याची सवय लागते.

सहा ते नऊ वर्षांच्या मुलांना शिवाशिवी, लंगडी, विषामृत हे आपलेच खेळ उत्तम. धावण्याने रक्ताभिसरण वाढते, स्नायूंना ऊब येते. त्यानंतर मनगटे, घोटे आणि खांदे क्रमाने मोकळे करावेत. जिम्नॅस्टिक्समध्ये मनगटावर साऱ्या देहाचा भार येतो, हे पालकांनी विशेष ध्यानात ठेवावे.

दहा वर्षांपुढील मुलांना खेळापेक्षा शिस्तबद्ध क्रम हवा. आधी मंद धावणे, मग पाय पुढे-मागे झुलविणे, खांद्यांच्या हालचाली, पोटाच्या स्नायूंचे व्यायाम आणि शेवटी त्या दिवशीच्या कसरतीची सोपी रूपे. याच वयात उंची झपाट्याने वाढते. हाडांच्या टोकांशी असलेला वाढीचा भाग तेव्हा नाजूक असतो. म्हणून मनगट वा टाच वारंवार दुखत असेल तर 'सवय होईल' असे न म्हणता डॉक्टरांना दाखवावे. एकाच स्थितीत दीर्घकाळ ताण देण्याचे व्यायाम उड्यांपूर्वी न करता वर्गाच्या शेवटी करावेत, कारण त्यांनी स्नायूंचा जोर काही काळ उणावतो.

थंडीत अंग तापण्यास अधिक वेळ लागतो. वर्गापूर्वी भरपेट खाणे टाळावे. बांगड्या, साखळी घरीच ठेवावी.

त्या दिवशी आम्ही वेळेवर पोहोचलो असतो तर मनगट दुखावलेच नसते, असे कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. परंतु हाती असलेली काळजी मी घेतली नाही, हे खरे. बँकेत खिडकी उघडण्यापूर्वी दोन अधिकारी आपापल्या चावीने तिजोरी उघडत, रोकड मोजली जाई, मगच ग्राहकाला पैसे मिळत. बाहेर रांग कितीही लांब असो, ते काम टाळण्याचा विचारही मी कधी केला नाही. नातीच्या बाबतीत मात्र तो केला.

आजी-आजोबांना एवढीच विनंती: नातवंडांना वर्गाला पाच मिनिटे आधी पोहोचवावे आणि उशीर झालाच, तर प्रशिक्षक सांगतील तेवढा वेळ त्यांना बाजूला व्यायाम करू द्यावा.

चौथ्या आठवड्यात आम्ही सातला दहा मिनिटे असतानाच पोहोचलो. दार अजून उघडायचे होते. नात पायरीवर बसून सावकाश मनगटे फिरवू लागली आणि मला म्हणाली, "आजोबा, तुम्हीही फिरवा ना!"