सोनोग्राफी ‘नॉर्मल’, तरीही...

पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी ‘नॉर्मल’ आली की घरात पेढे वाटले जातात. पण थॅलेसेमिया मेजर किंवा सिकलसेल असलेलं बाळ त्या पडद्यावर बहुधा निरोगीच दिसतं. अल्फा थॅलेसेमियाच्या सर्वांत गंभीर प्रकारात मात्र गर्भाचं हृदय मोठं होतं, वार जाड होते, अंगात पाणी साठतं. ते सोनोग्राफीत दिसतं. आग्नेय आशियात हा प्रकार बराच आढळतो. आपल्याकडे प्रश्न आहे तो बीटा थॅलेसेमियाचा आणि विदर्भ, नंदुरबारमधल्या सिकलसेलचा.

तो सुटतो आईच्या रक्ततपासणीने, तीही वेळेत. आई या आजाराच्या जनुकाची वाहक निघाली तर नवऱ्याची तपासणी त्याच आठवड्यात व्हायला हवी. ‘मला काय झालंय?’ म्हणून तो टाळतो आणि दिवस हातचे जातात. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. मग अकराव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास सोनोग्राफीच्या आधाराने सुई घालून वारेचा कण काढतात आणि त्यातले जनुक तपासतात. १९९४च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याने अशा रक्तदोषांच्या निदानाला मुभा दिली आहे.

मुंबईत ही सोय आहे. दुर्गम धडगाव किंवा भामरागडच्या बाईने तिथवर पोचायचं कसं? सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान २०२३मध्ये सुरू झालं. त्यात सिकलसेल कार्डांच्या वाटपाइतकंच महत्त्व गर्भनिदानाला मिळालं पाहिजे. जिल्हा रुग्णालयातच नमुना घ्या, प्रवासखर्च द्या आणि अहवालानंतर निर्णय त्या जोडप्यावर सोडा.