हाली, कलदार आणि बारा तास

प्रति,
मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,


मी छावणीत राहतो आणि मराठवाड्यातल्या वाळूजच्या लहान कारखान्यांची पगारपत्रके करतो. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातला कामाचा दिवस 9 तासांवरून 12 तासांपर्यंत न्यायला मंजुरी दिली, तिमाही ओव्हरटाइमची मर्यादा 115 वरून 144 तास केली. लेखी संमती हवी, दुप्पट मोबदला हवा, या अटी आहेत. संमतीचा कागद कधी आणि कुणापुढे सही होतो, हे पगारपत्रक करणाऱ्याला सांगायला नको. पण ते राहू द्या. कर्नाटक, तमिळनाडू, तेलंगण यांनी हे आधीच केले आहे, असे कारण देण्यात आले. माझे पत्र त्या कारणाबद्दल आहे, आणि ते कळायला आधी चलनाची गोष्ट सांगावी लागते.

आमच्या भागाला एके काळी स्वतःचे चलन होते. निजामाचा हाली शिक्का एकीकडे, इंग्रजांचा कलदार दुसरीकडे. जुन्या खरेदीखतांत रकमेबरोबर हाली की कलदार ते लिहिलेले सापडते. पुढे दोन्हींचा भाव 7 हालीला 6 कलदार असा स्थिरावला. मराठवाडा 1956 मध्ये मुंबई राज्यात आला तेव्हाही हाली पुरती गेलेली नव्हती. ती बाद झाली 1959 मध्ये.

हालीसाठी गळा काढण्याचे कारण नाही. भाव बांधलेलाच होता, आणि उतरवला असता तरी महागाईचा चटका मजुरालाच बसला असता. पण वेगळे चलन असले की एक वाट असते: धंदा बसला तर चलनाचा भाव उतरवून आपला माल बाहेर स्वस्त करता येतो. एका रुपयात ती वाट नाही. मराठवाडा करपून गेला तरी व्याजदर साऱ्या देशाचा हिशोब पाहूनच ठरतो. मग स्वस्त करायला हाताशी उरते ते माणसाचे काम.

1999 मध्ये युरोपातल्या देशांचे एकच चलन म्हणून युरो आला तेव्हा काही अर्थतज्ज्ञ म्हणत होते, की चलन उतरवण्याची सोय गेली म्हणजे सरकारे झक मारून कामगार कायदे सुधारतील. जर्मनीने 2003 ते 2005 मध्ये ते स्वतःहून केले. ग्रीसने 2010 नंतर सावकारांच्या धाकाने. आपल्याकडे सुधारणेची घाई आहेच. प्रश्न आहे तो कोणत्या सुधारणेची. तास वाढवायला तिजोरीतून छदाम लागत नाही, पण शेजारचे राज्य पुढच्याच अधिवेशनात तेच करते आणि आपला फायदा विरतो. तास मात्र वाढलेलेच राहतात. उलट आयटीआयमध्ये चांगली यंत्रे आणली, मुलगा तयार केला, तर खर्च आपला आणि मुलगा परराज्यात, होसूरला किंवा साणंदला. मग कोणते सरकार दुसऱ्या वाटेला जाईल?

यावर याच राज्याने एकदा वेगळे उत्तर दिले होते. 1972 च्या दुष्काळात रोजगार हमीची कामे निघाली, वि. स. पागे यांची ती कल्पना. तिच्यासाठी 1975 मध्ये व्यवसाय कर आला आणि मुंबईच्या पगारदाराचा पैसा बीड-उस्मानाबादच्या खडीपर्यंत पोचला. एका चलनात राहायचे तर सुकाळाच्या भागाने दुष्काळाच्या भागाला असे धरून ठेवावे लागते. तो कर आजही आहे. मी दरमहा 200 रुपये कापतो, फेब्रुवारीत 300. कामगार विचारतो, हे कशाचे? मी रोजगार हमीचे म्हणतो. त्याला ते पटत नाही, कारण कापले जाताना त्याला दिसते, परत येताना दिसत नाही.

तेव्हा मागणी अशी. व्यवसाय कराचा ठरावीक वाटा वाळूज, शेंद्रा आणि बिडकीन या औद्योगिक भागांना कामगारांच्या भाड्याच्या घरांसाठी बांधून द्या. आज वाळूजमध्ये पत्र्याच्या एका खोलीत चार-चार जण पाळीपाळीने झोपतात. मजुराने काम असेल तिथे जावे असे म्हणणाऱ्याने त्याच्या झोपायच्या जागेची सोय आधी करावी. आयटीआयचा मुलगा परराज्यात गेला तर त्याच्या शिक्षणाच्या खर्चाचा वाटा केंद्राने उचलावा, हे दिल्लीत मांडा. आणि तासांची स्पर्धा एकट्या राज्याला थांबवता येत नाही, हे मला कळते. वेतन संहितेत किमान वेतनाची तळरेषा केंद्राने ठरवण्याची तरतूद आहे, तशीच तासांची कमाल रेषा सगळ्या राज्यांनी मिळून ठरवावी. त्यासाठीचे व्यासपीठ म्हणजे भारतीय श्रम परिषद. तिची 46 वी बैठक 2015 मध्ये झाली आणि नंतर सगळे थंडावले. ती बोलवा असे पत्र महाराष्ट्राने पाठवले आहे का? नसेल, तर तेवढे तरी याच महिन्यात पाठवावे.

आपला,
छावणीतला एक रहिवासी