डाव्या पायाची विश्रांति

एका वाचकभगिनीचें पत्र आमच्यापुढें आहे. घर एकत्र, सासूबाईंचें वय ६४. वीसएक वर्षें त्यांनीं मोटार स्वतः चालविली. भाजी, बँक, नातवंडांची शाळा, सारें त्यांच्याच भरंवशावर होत असे. दोन वर्षांपूर्वीं डावा गुडघा दुखूं लागला आणि क्लच दाबणें अवघड झालें. आतां बाहेर पडावयाचें म्हणजे घरांत कोण मोकळें आहे हें त्यांना आधीं विचारावें लागतें. नवी मोटार घेण्याचें ठरलें आहे. लहान पण चांगल्यापैकीं, आपोआप गिअर बदलणारी हॅचबॅक घ्यावी असें सूनबाईंचें म्हणणें; सासऱ्यांच्या मतें हा निव्वळ आळसाचा खर्च. ‘आपण निवाडा द्यावा,’ असें पत्राच्या शेवटीं लिहिलें आहे.

दुसऱ्याच्या घरांतील निवाडा आम्ही काय देणार! परंतु ‘आळस’ हा शब्द मात्र आम्हांस मान्य नाहीं. शहरांतील गर्दींत मोटार हात-दोन हात पुढें सरकते, थांबते, पुन्हां सरकते. आणि प्रत्येक वेळीं डावा पाय क्लचवर खालीं-वर होतो. निरोगी माणसाच्या हे श्रम लक्षांतही येत नाहींत; ज्याचा गुडघा दुखतो त्यास तेच श्रम घरीं बसवितात. तेव्हां प्रश्न चैनीचा नसून, घरांतील किती माणसांस ती मोटार चालवितां येईल, हा आहे.

आतां ‘आपोआप’ ह्या एका शब्दाखालीं निरनिराळीं यंत्रें विकलीं जातात, हें प्रथम ध्यानांत घ्यावें. ह्या वर्गाच्या मोटारींत मुख्यतः तीन प्रकार आढळतात. पहिला एएमटी. ह्यांत गिअरपेटी नेहमींचीच असते. क्लच दाबण्याचें आणि गिअर टाकण्याचें काम तेवढें यंत्र करतें. २०१४ सालीं मारुतीच्या सेलेरिओबरोबर हा प्रकार आपल्याकडे आला, आणि २०२२ सालच्या नव्या बलेनोंतही तोच बसविला गेला. त्यासाठीं साधारणतः पन्नास हजार रुपये अधिक पडतात. गिअर बदलतांना ओढ क्षणभर तुटते, आणि अॅक्सिलरेटर जोरानें दाबला तर आंत बसलेल्यांच्या माना किंचित् पुढें झुकतात, हा त्याचा दोष.

दुसरा सीव्हीटी. ह्यांत दातेरी चाकांच्या ठराविक जोड्यांऐवजीं दोन कप्प्या आणि त्यांवरून फिरणारा पट्टा असतो. कप्प्यांच्या तबकड्या जवळ-दूर होतात, तसें गतीचें प्रमाण अखंड बदलत जातें. हॉलंडमधील डॅफ कंपनीनें १९५८ सालीं हीच कल्पना लहान मोटारींत आणली. २०२० सालच्या ह्युंडाई आय-२० मध्यें ती आयव्हीटी ह्या नांवानें आली. धक्का जवळजवळ नाहींच. परंतु एकदम वेग हवा असतां आधीं एंजिनाचा आवाज चढतो आणि मोटार मागाहून निघते. तिसरा दुहेरी क्लचचा. एक क्लच विषम गिअरांचा, दुसरा सम गिअरांचा. त्यामुळें पुढचा गिअर आधींच सज्ज असतो. टाटांच्या अल्ट्रोझमध्यें हा प्रकार २०२२ सालीं आला. ह्या दोहोंसाठीं जास्तीची किंमत लाखाच्या घरांत जाते.

सासरेबुवांची पुढची शंका पेट्रोलची असेल. आपोआप गिअरची मोटार अधिक पेट्रोल पिते, ही समजूत जुनी आहे आणि एके काळीं खरीही होती. परंतु २०२२ च्या बलेनोचे कंपनीनें जाहीर केलेले आंकडे हातानें गिअर टाकावयाच्या मोटारीस लिटरमागें २२.३५ किलोमीटर आणि एएमटीस २२.९४ असे होते. हे आंकडे प्रयोगशाळेंतील कसोटीचे. गर्दींत दोन्ही मोटारी बऱ्याच खालीं येतात. तात्पर्य, एएमटीपुरती तरी ही तक्रार आतां टिकत नाहीं.

खरी अडचण निराळीच आहे, आणि ती पत्रांत कोणीच मांडलेली नाहीं. बलेनोची उंची १५०० मिलिमीटर. मारुतीचीच वॅगन-आर १६७५ मिलिमीटर. ऐटदार हॅचबॅक दिसावयास देखणी, पण तिची बैठक खालीं. क्लच गेल्यानें डावा पाय सुटला, तरी आंत बसतांना गुडघे वांकवावे लागतात आणि उतरतांना त्यांच्याच बळावर उठावें लागतें. क्लचपासून सुटलेला गुडघा दारांत अडकला, तर लाख रुपये फुकट गेले म्हणावयाचे. म्हणून यंत्राची परीक्षा नंतर, बैठकीची आधीं.

दुकानांत जातांना सासूबाईंनीं नेहमींच्याच लुगड्यांत किंवा साडींत जावें. चालकाची बैठक वर घेण्याची सोय आहे काय तें पाहून, ती वर घेऊन, पांच वेळां बसावें आणि पांच वेळां उतरावें. पांचव्या वेळीं दाराचा आधार घ्यावा लागला, तर उंच मोटारीचा विचार करावा. हें साधलें म्हणजे मोटार रिकाम्या रस्त्यावर न नेतां, संध्याकाळच्या गर्दींत न्यावी. मग इमारतीच्या तळघरांत उतरणाऱ्या अरुंद उतारावर न्यावी. वर येतांना मध्येंच थांबवून, पाय ब्रेकवरून काढून, मोटार मागें घसरते काय तें पाहावें. चढावर धरून ठेवण्याची सोय असेल तर ती दोन-तीन सेकंद जागची हलत नाहीं.

दोन गोष्टी मात्र शिकाव्याच लागतात. ब्रेक आणि अॅक्सिलरेटर दोन्ही उजव्या पायानेंच दाबावे. डाव्या पायानें संवयीनें क्लच शोधूं नये, कारण तेथें आतां रुंद ब्रेक असतो आणि मोटार जागच्या जागीं आदळून थांबते. दुसरी, एएमटीस सामान्यतः ‘पी’ हा खांचा नसतो; म्हणून मोटार उभी करतांना गिअर घालून एंजिन बंद करावें आणि हातब्रेक ओढावा. चढावर अॅक्सिलरेटर दाबून मोटार तोलून धरूं नये. त्यानें क्लच जळतो.

आमचें मत विचाराल तर, बैठकीची परीक्षा उतरल्यास आणि पैशाची सोय असल्यास रोजच्या गर्दीसाठीं सीव्हीटी घ्यावी. नसल्यास एएमटीही हलक्या पायानें चालविणाऱ्यास पुरेशी आहे, आणि वीस वर्षांचा हात असलेल्या माणसास पाय हलका ठेवणें शिकवावें लागत नाहीं.

ही परीक्षा चिरंजिवांनीं घेऊं नये; सासूबाईंनींच घ्यावी. सासरेबुवांनीं शेजारीं बसावें. तळघरांतून वर येईपर्यंत त्यांनीं कांहीं बोलूं नये. वर आल्यावर मात्र हा खर्च आळसाचा कीं काय, तें त्यांनींच सांगावें.