पत्ता नसलेला वाचक

‘वाचनसंस्कृतीचा ऱ्हास’ हा मराठी साहित्यव्यवहारातील हुकमी विलाप आहे. वाचक ग्रंथालयापासून दुरावला, असे त्यात गृहीत धरलेले असते. ज्याला ग्रंथालयाने उंबरठ्याआत कधी घेतलेच नाही, त्याचे दुरावणे कोणत्या मापाने मोजावयाचे, हा प्रश्न मात्र विलाप करणाऱ्यांना पडत नाही.

तिसगाव हे पाथर्डी तालुक्यातील गाव. या तालुक्यातून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि पट्टा पडल्यावरच परततात. तिसगावाजवळच मढी आहे. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत चालणाऱ्या कानिफनाथांच्या यात्रेस भटक्या जमाती येथे पिढ्यान्‌पिढ्या जमत आल्या; त्यांच्या जातपंचायतीही येथे भरत. पंधरा दिवसांत पुस्तक परत करा, रहिवासाचा दाखला आणा, अनामत भरा, हे नियम या माणसांना कसे लागू पडावेत? हे नियम तटस्थ दिसतात. वस्तुतः त्यांच्यात स्थायिक, पगारदार वाचकाची प्रतिमा कोरलेली असते. 1948 च्या मद्रास कायद्याने ग्रंथालय-कराची तरतूद केली; महाराष्ट्राच्या 1967 च्या अधिनियमाने ती टाळली, संस्थांना अनुदान दिले आणि वर्गणीदार हाच वाचक ठरला.

समीक्षेने यात आपला वाटा उचलला आहे. ‘उपरा’ (1980) आणि ‘उचल्या’ (1987) यांचे स्वागत करून तिने वाङ्मयाचा परीघ विस्तारल्याचे समाधान मिळवले. पुस्तक कपाटात गेले. पुस्तकातली माणसे सभासद-नोंदवहीबाहेर राहिली. वाचकलक्ष्यी समीक्षेवर चर्चासत्रे झाली, परंतु तिच्या ‘वाचका’ला सभासदपत्र कोण देतो, याकडे कोणी पाहिले नाही. संहितेतील मौनांचा शोध घेणाऱ्यांना वर्गणीच्या पावतीवरील मौन वाचता येऊ नये, हे नवलच.

पुस्तके हरवतील, हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. तुटपुंज्या अनुदानावर चालणाऱ्या ग्रंथपालाला हरवलेल्या प्रतीचा जाब द्यावा लागतो. म्हणूनच ती तूट ग्रंथपालाच्या माथी न मारता सेवेचा खर्च म्हणून शासनाने सोसली पाहिजे. रंगनाथन यांच्या 1931 च्या पंचसूत्रीत पहिला मान ग्रंथाच्या वापराला आहे, जतनाला नव्हे. सयाजीरावांच्या बडोद्यात 1910 नंतर, बोर्डन यांच्या आखणीतून उभ्या राहिलेल्या व्यवस्थेत, ग्रंथपेट्या खेडोपाडी फिरत होत्या. टोळीबरोबर अशी पेटी हंगामभर का जाऊ नये? मढीच्या यात्रेत गाढवांचा बाजार भरतो, त्याची तिथी कोणाला कळवावी लागत नाही. पत्ता नसलेला वाचक जेथे वर्षातून एकदा हमखास भेटतो, तेथे सभासद-नोंदणीचे टेबल मांडण्यास कोणता नियम आड येतो, हे ग्रंथालय चळवळीच्या धुरीणांनी सांगावे.