पेट्रोलवर संशय, दोष मात्र हवेच्या मापात! गाडीतला ‘हा’ सेन्सर धुळीने कसा फसतो?

सोलापूर : गाडीचा ॲव्हरेज पडला, पिकअप गेला, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला की पहिला संशय पेट्रोलवर जातो. अनेकदा गडबड असते ती हवा मोजण्यात.

१ किलो साधे पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. इथेनॉल मिसळले की थोडी कमी. इथे हवा लिटरमध्ये मोजून भागत नाही. मे महिन्यात सोलापूरची तापलेली हवा विरळ होते, तेवढ्याच जागेत ऑक्सिजन कमी मावतो. म्हणून वजनच हवे.

‘मास एअर फ्लो’ सेन्सर ते काढतो. एअर फिल्टरच्या पुढे नळीत एक तापवलेली बारीक तार किंवा पट्टी असते. आत येणारी हवा तिला थंड करते. तिची उष्णता टिकवायला किती करंट लागला, त्यावरून हवेचे वजन कळते. अनेक छोट्या पेट्रोल गाड्यांत मात्र हा नसतो. तिथे ‘मॅप’ सेन्सर दाब मोजतो आणि ईसीयू हिशेब करतो.

तारेवर धूळ बसली की ती कमी थंड होते. सेन्सर हवा कमी सांगतो, इंधनही कमी सुटते. सायलेन्सरकडचा ऑक्सिजन सेन्सर चूक सावरतो. आवाक्याबाहेर गेली की दिवा लागतो.

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या प्रदूषित शहरांच्या यादीत सोलापूर आहे. इथे फिल्टर मॅन्युअलमधल्या मुदतीआधीच पाहावा. महागडा सेन्सर बदलण्याआधी फिल्टर आणि फाटलेली नळी तपासायला सांगा. कॉम्प्रेसरची हवा तर सेन्सरवर मारूच देऊ नका, तार तुटते.